रेडिओवर आत्ता खरंच कोणी आहे का?

सिडनीतल्या ‘काडा’ नावाच्या रेडिओ केंद्रावर सोमवार ते शुक्रवार, सकाळी अकरा ते दुपारी तीन, ‘थाय’ नावाची एक तरुणी गाणी लावायची. एप्रिल २०२५ मध्ये बातमी फुटली की थाय नावाची कोणी व्यक्तीच नाही. केंद्राच्या मालक कंपनीतल्या एका कर्मचाऱ्याच्या आवाजावरून संगणकाने तो आवाज घडवला होता, आणि सुमारे सहा महिने श्रोत्यांना काहीही न सांगता हा कार्यक्रम चालू होता. त्याच्या थोडं आधी, ऑक्टोबर २०२४ मध्ये, पोलंडमधल्या ‘ऑफ रेडिओ क्राकूव’ने तीन कृत्रिम निवेदक आणले होते. त्यांतल्या एकीने २०१२ साली वारलेल्या नोबेलविजेत्या कवयित्री विस्वावा शिंबोर्स्का यांची ‘मुलाखत’सुद्धा घेतली. लोक इतके संतापले की तीन महिन्यांसाठी आखलेला प्रयोग आठवड्याभरात गुंडाळावा लागला.

या बातम्यांवरची चर्चा ऐकली की वाटतं, यंत्राने माणसाला माइकसमोरून उठवण्याची ही पहिलीच वेळ. तसं नाही. अमेरिकेत हे १९५० च्या दशकाच्या मध्यावर सुरू झालं. तेव्हा रेडिओ केंद्रात संगणक नव्हता. टेपची मोठी रिळं होती, मोटारी होत्या आणि खटाखट वाजणारे रिले, म्हणजे विजेने आपोआप उघडमीट होणारे खटके, होते. त्या पहिल्या लाटेत काय घडलं हे बारकाईने पाहिलं, तर आजच्या बातमीत नवं काय आणि जुनं काय हे वेगळं काढता येतं.

मला त्यातून जे दिसतं ते आधीच सांगतो. त्या यंत्रांनी निवेदकाचा आवाज घालवला नाही, आवाज तर त्यांना लागतच होता. गेली ती त्याची हजेरी. तुमच्या घड्याळात रात्रीचे दोन वाजलेले असताना तिकडच्या खोलीतही दोनच वाजलेत आणि कोणीतरी जागं आहे, ही गोष्ट हळूहळू संपली.

निवेदक पाळीभर करायचा काय

१९५० च्या सुमाराला अमेरिकेतल्या लहान गावातल्या केंद्रात रात्रपाळीचा निवेदक बहुधा एकटाच असायचा. समोर दोन टर्नटेबलं. एकावर तबकडी वाजत असताना दुसरीची सुई पहिल्या सुरावर आणायची, मग तबकडी थोडी मागे फिरवून हाताने धरून ठेवायची. पहिलं गाणं संपलं की दुसरी सोडायची, म्हणजे मध्ये शांतता पडत नाही. गाणं वाजतंय तेवढ्या वेळात पुढच्या जाहिरातीचा कागद काढायचा, टेलिप्रिंटरवर आलेली बातमी फाडून आणायची, फोन घ्यायचा, कुठली जाहिरात किती वाजता गेली ते नोंदवहीत लिहायचं आणि ठरावीक वेळाने प्रक्षेपकाच्या मीटरवरचे आकडे टिपायचे. या शेवटच्या कामासाठी सरकारी परवाना लागायचा, म्हणून अनेक निवेदकांनी आधी परीक्षा देऊन तो मिळवलेला असे.

मोठ्या शहरांत याच कामाचे तुकडे केलेले होते. निवेदक फक्त बोले आणि बटणं तंत्रज्ञ दाबे. शिकागोत तर तबकड्या फिरवण्याचं काम वादकांच्या संघटनेच्या सभासदांकडे होतं. तबकडीमुळे वादकांचं काम जातंय, तर निदान ती फिरवण्याचं काम तरी आम्हाला द्या, अशी ती मागणी होती. म्हणजे ‘यंत्र विरुद्ध माणूस’ हा वाद निवेदकाच्या आधी वादकाच्या दारात येऊन गेला होता.

आता हेच मालकाच्या बाजूने पाहा. चार तासांच्या पाळीचे पैसे द्यायचे आणि संगीताच्या केंद्रावर माणूस प्रत्यक्ष बोलणार तासाला काही मिनिटंच. बाकीचा वेळ तो वाट बघतो आणि वस्तू हलवतो. वाट बघणं आणि वस्तू हलवणं यंत्राला जमू शकतं, या विचारातून ऑटोमेशन आलं. गाणी, जाहिराती आणि निवेदनं ठरलेल्या क्रमाने, माणसाचा हात न लागता एकामागून एक वाजवणारी व्यवस्था, एवढाच या शब्दाचा इथे अर्थ.

ऐकू न येणारी खूण

यंत्रासमोरचा खरा प्रश्न वाजवण्याचा नव्हता. टेपरेकॉर्डर वाजतोच. गाणं संपलं हे त्याला कळणार कसं, हा प्रश्न होता. गाण्यांची लांबी वेगवेगळी असते, काही गाणी विरत जातात, काही एकदम थांबतात.

उत्तर फार साधं निघालं. टेपवर प्रत्येक गाण्याच्या शेवटाशी २५ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला २५ कंपनांचा, एक खोल स्वर मुद्रित करायचा. घरातल्या रेडिओच्या लहानशा स्पीकरमधून तो ऐकू येत नसे, पण यंत्रातलं विजेचं मंडल, म्हणजे सर्किट, तो बरोबर टिपायचं आणि पुढच्या टेपरेकॉर्डरला ‘सुरू हो’ म्हणायचं. भजनात बुवा ओळ सोडताना हाताची किंवा मानेची एक छोटी खूण करतात, समोर बसलेल्यांच्या ती लक्षातही येत नाही आणि टाळकरी बरोबर पुढची ओळ उचलतात, तसंच काहीसं. फक्त इथे बुवाही टेप आणि टाळकरीही टेप.

संगीतातलाच एखादा खोल स्वर, ऑर्गनचा किंवा मोठ्या ड्रमचा, २५ हर्ट्झच्या जवळ गेला तर यंत्र फसणार आणि अर्ध्या गाण्यात पुढची जाहिरात सुरू होणार. म्हणून टेप तयार करतानाच गाण्यातले अतिखोल स्वर गाळून टाकत.

कॅलिफोर्नियातले पॉल शेफर हे या धंद्यातलं सुरुवातीचं मोठं नाव. १९५३ मध्ये अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाने कमी शक्तीचे प्रक्षेपक दुरून चालवायला परवानगी दिली. त्याआधी गावाबाहेर, माळावर, मनोऱ्याच्या पायथ्याशी एक माणूस बसवून ठेवावा लागे. शेफर यांनी आधी ही दुरून नियंत्रणाची यंत्रं विकली आणि मग पुढची पायरी म्हणून सबंध कार्यक्रमच चालवणारी यंत्रणा उभी केली. पहिला माणूस मनोऱ्याखालून हलला, दुसरा स्टुडिओतून. क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे.

या यंत्रणेचा कणा म्हणजे साडेदहा इंची रिळं. सेकंदाला साडेसात इंच वेगाने अडीच हजार फूट टेप सुमारे ६६ मिनिटं चालते. अशी दोन-तीन रिळं आलटूनपालटून गाणी वाजवत. निवेदकाचं बोलणं वेगळ्या रिळावर. जाहिरातींसाठी मात्र रीळ गैरसोयीचं, कारण कुठली जाहिरात कधी लागेल ते रोज बदलतं. तिथे ‘कार्ट’ आलं. प्लॅस्टिकच्या डबीत टेपचा अखंड वेढा, म्हणजे एकदा वाजून झालं की टेप फिरून आपोआप पुन्हा सुरुवातीला येऊन थांबते. कुठे थांबायचं, तर टेपच्याच वेगळ्या पट्टीवर १००० हर्ट्झचा स्वर ठेवलेला असतो तिथे. ही यंत्रं १९५९ मध्ये अमेरिकेच्या बाजारात आली आणि १९९० च्या दशकापर्यंत जवळजवळ प्रत्येक केंद्रात राहिली. ऑटोमेशनसाठी अशा २४ कार्ट एका गोल फिरत्या चक्रात बसवत. चक्र फिरून हवी ती कार्ट वाजवणाऱ्या यंत्रासमोर आणायचं.

मला या सगळ्यात सर्वांत विलक्षण वाटते ती वेळ सांगण्याची युक्ती. थेट निवेदकाची ओळख काय, तर तो घड्याळ बघून ‘आता दहा वाजून सतरा मिनिटं झाली’ म्हणतो. टेपवरचा माणूस हे कसं म्हणणार? त्यासाठी दोन कार्ट यंत्रं ठेवत. निवेदक स्टुडिओत बसून बारा तासांतल्या सगळ्या ७२० मिनिटांच्या वेळा एकदाच बोलून ठेवायचा. सम मिनिटांच्या ३६० वेळा एका कार्टवर, विषम मिनिटांच्या ३६० दुसऱ्यावर. दोन्ही यंत्रं घड्याळाला जोडलेली. दर दोन मिनिटांनी प्रत्येक यंत्र न बोलता एक घर पुढे सरकायचं, म्हणजे एक सरकत असताना दुसरं तयार असायचं. मधेच कार्यक्रमाने ‘वेळ’ मागितली की ज्याची पाळी असेल ते यंत्र बोलायचं. ऐकणाऱ्याला वाटे, कोणीतरी आत्ताच मान वर करून भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

यंत्र कुठे चुकायचं

गाण्यांचं रीळ आणि निवेदकाचं रीळ ही दोन स्वतंत्र रिळं. त्यांना एकमेकांतलं काहीच कळत नाही. एखाद्या गाण्याच्या शेवटची खूण यंत्राने चुकवली किंवा एक गाणं गळालं, की तिथून पुढे सगळंच एका घराने सरकायचं. निवेदक उत्साहाने एका गायकाचं नाव सांगतोय आणि वाजतोय दुसराच, आणि हे कोणाच्या लक्षात येईपर्यंत तास निघून जायचा. टेप तुटायची, कार्ट अडकायची. त्यावर उपाय म्हणून शांतता ओळखणारं मंडल बसवलं. ठरावीक सेकंद काहीच आवाज आला नाही तर यंत्राने आपणहून पुढच्या घराकडे जायचं. या मंडलाला शांतता कळते, चूक मात्र कळत नाही. चुकीचं गाणं, कालचं हवामान, मेलेल्या माणसाच्या दुकानाची जाहिरात हे सगळं त्याच्या लेखी ठीकच असतं, कारण आवाज येतोय.

मालकांना हे इतकं हवं का होतं

पैसा वाचतो हे उघड कारण. पण ऑटोमेशन पसरायला खरा धक्का दिला तो एका सरकारी नियमाने, आणि तो नियम केला होता उलट हेतूने.

अमेरिकेत तेव्हा मध्यम लहरींवरची एएम केंद्रं कमावती होती. आवाजाने सरस असलेलं एफएम दुर्लक्षित होतं, कारण घरोघरी एफएमचे संच नव्हते. एकाच मालकाकडे दोन्ही परवाने असले की तो एएमचाच कार्यक्रम एफएमवरही सोडून द्यायचा. १९६४ मध्ये दूरसंचार आयोगाने ठरवलं की एक लाखावर वस्तीच्या शहरांत एफएमने एएमचा कार्यक्रम निम्म्याहून जास्त वेळ जसाच्या तसा द्यायचा नाही. एफएमवर काही नवं घडावं हा हेतू. मुदतवाढी मिळत मिळत १ जानेवारी १९६७ पासून नियम पूर्णपणे लागू झाला.

मालकांपुढे एकदम रोजचे कितीतरी रिकामे तास उभे राहिले. श्रोते थोडे, जाहिराती त्याहून थोड्या. चार पाळ्यांना चार निवेदक कोण ठेवणार? तयार टेप विकणाऱ्या कंपन्या पुढे आल्या. आठवड्याला रिळांचा गठ्ठा टपालाने यायचा, तो यंत्रावर चढवायचा की झालं केंद्र सुरू. शांत वाद्यसंगीत वाजवणारी केंद्रं तर यावर वर्षानुवर्षं चालली.

न्यूयॉर्कच्या डब्ल्यूओआर-एफएमची गोष्ट इथे सांगायला हवी. जुलै १९६६ मध्ये त्यांनी रॉक संगीत सुरू केलं, पण निवेदकांशिवाय. कारण तांत्रिक नव्हतं. एफएमवरच्या कामाचे पैसे किती, यावर कलाकारांच्या संघटनेशी वाद चालू होता. तो मिटल्यावर ऑक्टोबरात निवेदक आले. नुसती गाणी लावूनही केंद्र चालतं, हे त्या काही महिन्यांत कितीतरी मालकांनी पाहिलं असणार.

त्या पहिल्या वर्षांत ऑटोमेशनने निवेदकांच्या पोटावर पाय दिला, असं सरसकट म्हणता येत नाही. त्यातल्या पुष्कळ एफएम केंद्रांवर आधी स्वतंत्र निवेदक नव्हताच. यंत्रामुळे ती केंद्रं जगली, १९७० च्या दशकाच्या अखेरीला एफएमच्या श्रोत्यांची संख्या एएमच्या पुढे गेली आणि पैसा आल्यावर त्यांतल्या अनेकांनी यंत्र बाजूला सारून माणसं नेमली. ऑटोमेशनविरुद्ध बोलताना हा भाग गाळला जातो. तो गाळू नये.

यंत्राच्या आधी साचा आला

यंत्राने माणसाची जागा घेण्याआधी माणसाचं काम यंत्रासारखं झालं होतं. हा मुद्दा मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो.

१९५० च्या दशकात ओमाहा शहरात टॉड स्टॉर्झ यांनी लोकप्रिय गाण्यांची छोटी यादी पुन:पुन्हा वाजवण्याची पद्धत रुळवली. ती ‘टॉप फॉर्टी’ म्हणून देशभर गेली. गाणं कुठलं लावायचं हे निवेदकाच्या हातातून निघून कार्यक्रम ठरवणाऱ्या अधिकाऱ्याकडे गेलं. १९६५ मध्ये लॉस एंजेलिसच्या केएचजे केंद्रावर बिल ड्रेक यांनी ते आणखी आवळलं. निवेदकाने गाण्याच्या सुरुवातीच्या वाद्यांवर बोलायचं, गायक सुरू व्हायच्या आत थांबायचं, ठरलेली वाक्यं ठरलेल्या क्रमाने म्हणायची. केंद्र प्रचंड चाललं. त्या साच्यातही चमकणारे निवेदक होते आणि त्यांचं कसब खरं होतं.

पण जे काम सेकंदात मोजता येतं, कागदावर लिहून देता येतं, ते टेपवरही घालता येतं. याच ड्रेक यांनी जीन शेनॉल्ट यांच्याबरोबर कंपनी काढली आणि १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून अशाच साच्याचे तयार कार्यक्रम स्वयंचलित केंद्रांना टेपवर विकायला सुरुवात केली. लॉस एंजेलिसला जे जिवंत माणसं करत होती ते आता कुठल्याही गावातल्या यंत्रावर मिळू लागलं. निवेदकांना बोलायला जितकं कमी ठेवलं होतं, तितकं त्यांना काढणं सोपं गेलं.

आजही कुठल्या व्यवसायावर यंत्राचं सावट येणार हे ओळखायचं असेल, तर यंत्र किती हुशार झालं याआधी ते काम आपण किती कोरडं करून ठेवलं आहे ते मी बघेन.

कायद्याने थांबवलेला माणूस

मग १९७० मध्येच केंद्रं ओस का पडली नाहीत? कारण कायदा. प्रक्षेपण चालू असताना परवानाधारक माणूस कामावर असलाच पाहिजे, असा नियम होता. त्यामुळे यंत्र असलं तरी खोलीत कोणी ना कोणी असायचं. त्याचं काम मात्र पार बदललं. रिळं बदल, कार्ट भर, आकडे टिप, नोंदवहीवर सही कर. पूर्वी हाच माणूस बोलायचा, आता तो बोलणाऱ्या टेपची राखण करू लागला. पण माणूस होता, आणि वेळ आली तर यंत्र थांबवून माइक उघडू शकत होता.

१९८१ मध्ये उपग्रह आला. ‘सॅटेलाइट म्युझिक नेटवर्क’सारख्या कंपन्यांचा एकच निवेदक एका स्टुडिओतून देशभरातल्या केंद्रांवर बोलू लागला. तो थेट बोलत होता हे खरं, फक्त कुठल्याच गावात नव्हता. अमेरिकेत वेगवेगळ्या पट्ट्यांत घड्याळं वेगळी, म्हणून तो किती वाजले हे सांगायचाच नाही, तासावर वीस मिनिटं झाली एवढंच म्हणायचा. गावाचं आणि केंद्राचं नाव घेणारी वाक्यं त्याने आधीच मुद्रित करून प्रत्येक केंद्राला पाठवलेली असत आणि ऐकू न येणाऱ्या खुणेने ती योग्य जागी वाजत.

१९९० च्या दशकात आवाज संगणकाच्या डिस्कवर गेला आणि रिळं, चक्रं, कार्ट सगळं एका पेटीत आलं. आता निवेदक आपली सगळी वाक्यं सलग मुद्रित करायचा आणि संगणक ती गाण्यांच्या मध्ये बेमालूम बसवायचा. याला ‘व्हॉइस ट्रॅकिंग’ म्हणतात. चार-पाच तासांचा कार्यक्रम तासाभराच्या आत तयार होतो, आणि एकच माणूस एकाच दिवशी पाच गावांचा ‘आपला माणूस’ होऊ शकतो.

याच सुमारास कायद्याचे दोन अडसर निघाले. १९९५ मध्ये दूरसंचार आयोगाने माणसाशिवाय केंद्र चालवायला परवानगी दिली. १९९६ च्या दूरसंचार कायद्याने देशभरात एका मालकाकडे किती केंद्रं असावीत यावरची मर्यादा काढली. आधी ती २० एएम आणि २० एफएम अशी होती. ‘क्लिअर चॅनल’ ही कंपनी काही वर्षांतच सुमारे १२०० केंद्रांपर्यंत गेली. इथे नोकऱ्या खऱ्या अर्थाने गेल्या. चाळीस वर्षं यंत्र होतं आणि माणूसही होता. यंत्राला माणूस बाहेर काढण्याची मुभा मिळाली ती कायद्याकडून.

‘पण ऐकणाऱ्याला फरक कुठे कळत होता?’

हा आक्षेप रास्त आहे. बहुतेकांना बहुतेक वेळा कळत नव्हता. सिडनीत सहा महिने कळला नाही. संध्याकाळी स्वयंपाक करताना गाणी हवी असतील, तर निवेदक आत्ता बोलला की सकाळी, याने काही अडत नाही.

अडतं ते वेगळ्या रात्री. १८ जानेवारी २००२ ला रात्री दीडच्या पुढे उत्तर डकोटातल्या मायनॉट शहराजवळ एक मालगाडी घसरली. ११२ पैकी ३१ डबे रुळांवरून उतरले, अमोनियाच्या टाक्या फुटल्या आणि विषारी ढग वस्तीवर पसरला. एक माणूस गेला, तीनशेहून अधिक जखमी झाले. लोक अंधारात रेडिओ लावून बघत होते की घरात थांबायचं की बाहेर पळायचं. शहरातली, धार्मिक सोडून, सहाही व्यावसायिक केंद्रं एकाच कंपनीच्या, क्लिअर चॅनलच्या, मालकीची होती. पोलिसांचा केंद्राशी वेळेत संपर्क झाला नाही आणि गाणी वाजत राहिली.

कंपनीचं म्हणणं असं की केंद्रात माणूस होता, फोन लागत नव्हते, आणि इशारा देणारी सरकारी यंत्रणा पोलिसांकडेच नीट चालू नव्हती. दोष कोणाचा यावर पुढे वर्षानुवर्षं वाद झाला आणि मी त्याचा निवाडा करणार नाही. पण आपत्तीत इशारा यंत्रही देऊ शकतं, या युक्तिवादाचं काय होतं ते तिथे दिसलं. इशाऱ्याचं यंत्र चालण्यासाठी दोन्ही टोकांना तयार माणूस लागतो. सहा केंद्रांत सहा जागे निवेदक असते, तर त्यांतल्या एखाद्याला अमोनियाचा वास आला असता, एखाद्याच्या घरून फोन आला असता.

‘मुद्रित म्हणजे फसवणूक का?’

मुळीच नाही. मराठी आणि हिंदी श्रोत्यांना हे वेगळं सांगायला नको. अमीन सयानी यांची बिनाका गीतमाला १९५२ पासून रेडिओ सिलोनवर लागायची. ती मुंबईत मुद्रित व्हायची आणि टेप विमानाने कोलंबोला जायच्या. घरोघर लोक बुधवारी रात्री आठला रेडिओला कान लावून बसत आणि तो माणूस आपल्याशीच बोलतोय असं त्यांना वाटे. ते खोटं नव्हतं. सयानी त्या आठवड्याच्या गाण्यांबद्दल, त्या श्रोत्यांच्या पत्रांबद्दल, त्यांच्यासाठीच बोललेले असत. १९५७ मध्ये सुरू झालेल्या विविध भारतीचे किती तरी कार्यक्रमही टेपवरून केंद्राकेंद्रांना जात. पण ती टेप लावायला त्या त्या केंद्रात निवेदक बसलेला असे आणि शेजारच्या खोलीत ड्यूटी ऑफिसर.

मुद्रण आणि रिकामी खोली या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अमेरिकेतही बिंग क्रॉस्बी यांनी १९४६ मध्ये आपला कार्यक्रम आधी मुद्रित करून द्यायला सुरुवात केली, तेव्हा मोठ्या नेटवर्कांना ते पसंत नव्हतं. श्रोत्यांनी मात्र ते स्वीकारलं, कारण कार्यक्रम क्रॉस्बींचाच होता आणि चोख होता.

‘मग लहान केंद्रं बंद पडू द्यायची होती का?’

नाही. दुर्गम गावातलं केंद्र दिवसा चार तास स्थानिक माणसाला बोलवतं आणि उरलेला वेळ यंत्रावर काढतं, तर मी त्याच्या बाजूने आहे. ते केंद्र बंद पडण्यापेक्षा हे कितीतरी बरं. माझी हरकत आहे ती कमावत्या केंद्रांनी रात्र यंत्राला देण्यावर.

रात्रपाळी ही शिकाऊ निवेदकाची जागा होती. ऐकणारे थोडे, वरिष्ठ झोपलेले, चूक झाली तर आभाळ कोसळत नाही. तिथे माणूस अडखळत बोलायला शिकायचा, एकट्या श्रोत्याचा फोन घ्यायचा, ट्रक चालवणाऱ्यांशी आणि दवाखान्यात जागणाऱ्यांशी बोलायचा. पुढचा सकाळचा लाडका निवेदक इथून यायचा. व्हॉइस ट्रॅकिंगने सगळ्यात आधी रात्र, मग शनिवार-रविवार, मग दुपार घेतली. वरच्या मोठ्या नावांना लगेच धक्का लागला नाही, उलट त्यांचा आवाज आणखी गावांत पोचला. खालची पायरी तुटली. तिचा परिणाम दिसायला दहा-पंधरा वर्षं लागतात आणि तोवर कारण विसरलं जातं.

मग आज नवं काय

१९६० च्या टेपवर जो आवाज होता, तो कधीतरी, कुठेतरी बसून ते वाक्य खरोखर बोललेल्या माणसाचा होता. ७२० मिनिटांच्या वेळा बोलून ठेवणाराही माणूसच होता, त्याला त्या दिवसाचे पैसे मिळाले होते. आता वाक्यही संगणक लिहितो आणि ज्याच्या आवाजासारखा आवाज येतो त्या माणसाने ते वाक्य उच्चारलेलंच नसतं. म्हणून आता दोन गोष्टी कायद्यात हव्यात असं मला ठामपणे वाटतं. केंद्रावर, निदान एका शहरातल्या एका केंद्रावर, रात्रीसुद्धा असा माणूस हवा ज्याला कार्यक्रम थांबवून बोलण्याचा अधिकार आहे. आणि ऐकू येणारा आवाज यंत्राचा असेल तर तसं हवेवर सांगायला हवं.

दुसरी मागणी अव्यवहार्य आहे असं म्हणणाऱ्यांसाठी जुना दाखला आहे. १९२७ मध्ये अमेरिकेच्या रेडिओ आयोगाने केंद्रांना बंधन घातलं होतं की तबकडी वाजवत असाल तर ही तबकडी आहे असं श्रोत्यांना सांगायचं. समोर वाद्यवृंद बसलाय अशा समजुतीत त्यांना ठेवायचं नाही. त्या बंधनाखाली केंद्रं बुडाली नाहीत, तबकड्याही वाजत राहिल्या. क्राकूवच्या केंद्राने आपले निवेदक कृत्रिम आहेत हे पहिल्या दिवसापासून उघड सांगितलं होतं, म्हणून तिथल्या श्रोत्यांना आठवड्याभरात ‘नको’ म्हणता आलं. सिडनीच्या श्रोत्यांना ती संधी सहा महिने मिळालीच नाही.